डबी उघडली म्हणजे हो

बोलता बोलता दादाचा आवाज गेला. फोन कट झाला असता तर टूं-टूं वाजलं असतं. रेंज गेली असती तर आवाज आधी फाटला असता, त्याचे तुकडे पडले असते. तसं काहीच झालं नाही. भरल्या खोलीतून कुणी चपला न वाजवता निघून जावं तसा तो गेला. ती गॅलरीत उभी होती, वाळत घातलेल्या दोन टॉवेलांच्या मधल्या जागेत. ही तिची फोनवर बोलायची जागा. 'हॅलो' म्हणाली. जरा मोठ्यानं 'हॅलो' म्हणाली. मग फोन कानापासून लांब धरून पाहिला, तर कॉल चालूच होता. सेकंद शहाण्यासारखे पुढे सरकत होते. फक्त वरच्या कोपऱ्यात, कानाच्या पाळीसारखं दिसणारं, एक बारीक निळं चिन्ह आलं होतं. ते चिन्ह तिनंच निवडलं होतं. ऑफिसात त्या चिन्हाच्या रंगावरून एक अख्खी दुपार भांडण झालं होतं, तेव्हा निळाच हवा म्हणून ती हटून बसली होती. त्यामुळे दादाचा आवाज कुठे गेला हे जगात जर कुणाला नेमकं ठाऊक असेल तर ते तिलाच. आत आत्या अंघोळ करून बाहेर आली होती. तिनं श्रवणयंत्रांची डबी उघडली होती, दोन्ही यंत्रं कानांत घातली होती, आणि दादा भिंत ओलांडून आत्याच्या कानात गेला होता.

आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला बरं वाटलं. किती अलगद गेला! खरखर नाही, मधे रिकामी जागा नाही. महिनोन् महिने ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते असं टॉवेलांच्या आडोशाला, आपोआप, निर्दोष घडलेलं पाहून तिला कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. मग तिला ते बोलणं आठवलं. दादा काय बोलत होता? ती म्हणाली होती, "तिच्याशी अजून बोलले नाही रे मी." त्यावर तो म्हणाला होता, "ऐक." त्या 'ऐक'नंतरचं सगळं आत्यानं ऐकलं होतं. तिनं अंगठा लाल खुणेवर दाबला. अंगठा घामानं ओला होता, त्यामुळे दोनदा दाबावा लागला.

बोलणं होतं ते तिच्या जाण्याचं. तिची श्रवणयंत्रांची कंपनी दुसऱ्या शहरात नवी शाखा काढत होती. दोन वर्षांसाठी तिनं तिकडे जावं, स्वतःची चार माणसांची टीम घ्यावी, असं ठरत होतं. ठरत होतं म्हणजे सगळ्यांचं ठरलं होतं, तिनं 'हो' म्हणायचं बाकी होतं. ते 'हो' अडलं होतं ते आत्यापाशी. दादा लांब राहायचा, पण सल्ल्याला जवळ असायचा. त्याचं म्हणणं, आत्याला माझ्याकडे पाठव आणि तू मोकळी हो. वाईट मनानं म्हणायचा नाही तो. त्याच्या घरी जास्तीची खोली होती, वहिनी समजूतदार होती. पण तो आत्याबद्दल बोलायचा तेव्हा कपाटाबद्दल बोलल्यासारखा बोलायचा. कपाट चांगलं आहे, पिढ्यान् पिढ्या टिकेल, फक्त कुठल्या भिंतीला लावायचं ते बघू. आणि ती त्यावर हसायची. तिच्या हसण्याचा आवाज आत्याकडे गेला नव्हता, एवढं तरी तिला शास्त्रानं ठाऊक होतं. फोनमधून दुसऱ्याच्या कानात जातो तो फक्त पलीकडच्या माणसाचा आवाज.

ती आत गेली. आत्या टेबलाशी बसून सफरचंद चिरत होती. ओले केस टॉवेलात गुंडाळून डोक्यावर फेटा बांधलेला, कानांमागे दोन्ही यंत्रं. आत्या त्यांना भुंगे म्हणायची. माझे भुंगे कुठेत, भुंग्यांना जेवायला घातलंस का, म्हणजे चार्जिंगला लावलंस का.

"काय गं बेडके, बाहेर कुणावर ओरडत होतीस? हॅलो हॅलो करून सगळी बिल्डिंग गोळा करशील."

"रेंज गेली होती."

आत्यानं सुरी थांबवली नाही. "हल्ली रेंजचं काही खरं नाही," असं म्हणाली आणि सफरचंदाच्या फोडी तिच्याकडे सरकवल्या. फोडी नेहमीसारख्याच होत्या, बिया काढलेल्या, साल ठेवलेली. त्या फोडींवरून काही कळतं का म्हणून ती बघत राहिली. माणसाच्या चेहऱ्यावरून कळेनासं झालं की ती वस्तूंकडे बघायची. ती सवय तिला प्रयोगशाळेत लागली होती. सुरी पुसून जागेवर ठेवलेली. नळ नीट बंद. आत्या चांगली गुणगुणत होती, तेही नेहमीसारखं, सुराशी काही देणंघेणं नसलेलं. ती एक फोड उचलून जिन्यात गेली आणि तिथून तिनं दादाला परत फोन लावला.

"हां, मग सुटला एकदाचा प्रश्न," दादा म्हणाला.

"कुठला प्रश्न?"

"अगं आत्ता तर हं म्हणालीस."

"कशाला हं म्हणाले मी?"

"बरी आहेस ना? मी म्हटलं, ती तुला धरून बसलीय की तू तिला, काही कळत नाही. एकदा हात सुटले की दोघी मोकळ्या. तू हं म्हणालीस. मग विचारलं, तिला माझ्याकडे यायला चालेल ना, तेव्हाही हं म्हणालीस. मग फोन ठेवलास. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, मला वाटलं सर्दी झाली. सर्दीच झालीय ना?"

"हो," ती म्हणाली. "सर्दी झालीय."

ती पायरीवर बसली. हातातली फोड तांबूस पडायला लागली होती. त्या यंत्रांना नुसते कान नसतात, बारीकसे माइकही असतात. कॉल तिकडे गेला की बोलणंही तिकडूनच परत येतं. हे तिला पाठ होतं. आकृती काढून लोकांना शिकवलं होतं. आकृतीत एक बाण जाताना असायचा आणि एक येताना. पण येणाऱ्या बाणावरून आत्याचं 'हं' जाईल आणि ते तिचं म्हणून धरलं जाईल, हे कुठल्याही आकृतीत नव्हतं. आणि दादाला फरक कळला नाही यात दादाची चूक नव्हती. दोघींचं 'हं' एकच होतं. आधी किंचित थांबायचं, मग नाकातून, शेवटी थोडं वर नेऊन सोडून द्यायचं. लहानपणी घरच्या फोनवर माणसं तिला आत्या समजून बोलत सुटायची, तलावाच्या फीचं विचारायची, पोराला पाण्याची भीती वाटते म्हणून सांगायची, आणि ती नुसती 'हं' करत ऐकून घ्यायची. मग आत्या येऊन रिसीव्हर ओढून घ्यायची आणि म्हणायची, माझ्या नावावर किती पोरांना ॲडमिशन दिलीस?

आत्या पोहणं शिकवायची. छप्पर असलेला मोठा तलाव होता, आत शिट्टी मारली की ती छपराला आपटून खाली यायची, परत वर जायची. त्या शिट्ट्यांनी आणि कानात साचलेल्या पाण्यानं पुढे आत्याचे कान गेले. आत्या लहान पोरांना घ्यायची, आणि तिची एक पद्धत होती. दुसरे शिकवणारे पोराला पाण्यात ढकलायचे, नाहीतर धरता धरता नकळत हात काढून घ्यायचे आणि मग टाळ्या वाजवायचे, बघ, तुझा तूच पोहलास! आत्याला ते चालायचं नाही. ती पोटाखाली आडवा हात धरायची, आणि विचारायची, "सोडू?" पोरानं मान हलवली तरच हात काढायचा. मान नाही हलवली तर तास संपेपर्यंत हात तसाच. आईबाप कडेला बसून कुरकुरायचे, बाई, आमचा अजून धरलेलाच आहे. आत्या म्हणायची, मग तुम्ही या पाण्यात, तुम्हाला सोडते. ती स्वतः, तलाववाल्या बाईची भाची, तिनं तर अख्खा उन्हाळा मान हलवली नव्हती. आत्याचा हात पोटाखाली होता म्हणून ती बेडकासारखे पाय झाडायची, सगळ्यांपेक्षा छान झाडायची, सगळ्यांना ठाऊक होतं की हिला येतं. आत्यालाही ठाऊक होतं. तरी रोज विचारायची, सोडू? आणि ती पाण्याकडे बघत गप्प राहायची, आणि हात राहायचा. त्या हाताची बोटं तिला अजून आठवत होती, पाण्यानं सुरकुतलेली, एकेक वेगवेगळी जाणवणारी. पोटाला कळायचं कुठलं बोट कुठलं ते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिला त्या बोटांचं ओझं पोटाशी घेऊनच बसल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या खोलीच्या चारी भिंतींना आतून पत्रा होता, बाहेरची एकही रेडिओलहर आत येऊ नये म्हणून. टेबलावर एक खोटं डोकं होतं. त्याला केस नव्हते, डोळे नव्हते, फक्त उत्तम घडवलेले दोन रबरी कान आणि आत खारट पाण्यासारखं जेल भरलेलं, कारण माणसाचं डोकं लहरींच्या दृष्टीनं म्हणजे बहुतेक पाणीच. या कानातून त्या कानात सरळ जाणं लहरींना जमत नाही, वळसा घालून जावं लागतं. पाणी त्यांना पिऊन टाकतं. पहिल्यांदा हे शिकली तेव्हा तिला का कोण जाणे, फार आवडलं होतं. घरी जाऊन आत्याला सांगितलं होतं की पाण्यात आमचं काही चालत नाही, तू बुडी मारलीस की आमच्या सगळ्या कंपनीला तू सापडणार नाहीस. आत्या म्हणाली होती, म्हणून तर जाते.

टीमच्या साहेबांना सगळे कात्री म्हणायचे. समोरसुद्धा. पायऱ्या कापायच्या हा त्यांचा ध्यास. आधीच्या यंत्रांना फोन जोडायचा तर सेटिंगमध्ये जा, शोधा, यादीतून नाव ओळखा, आकडा टाका, होय म्हणा. म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. चष्मा लावला की यंत्र निघतं, यंत्र लावलं की चष्मा अडकतो. पाच पायऱ्यांच्या चार झाल्या, चारांच्या दोन. शेवटची पायरी कापायची शक्कल तिची होती. फोनजवळ डबी उघडली की यंत्रांनी ओळखायचं, सर्वांत जवळचा फोन धरायचा, बस. विचारायचं नाही. 'डबी उघडली म्हणजे हो,' हे वाक्यही तिचंच. तिनं ते मीटिंगमध्ये सहज म्हटलं होतं, आणि कात्रींनी ते फळ्यावर लिहिलं होतं. अजून पुसलं नव्हतं. आणि आत्याची नवी यंत्रं आली त्या दिवशी, आत्याचा फोन चार्जिंगला होता म्हणून, नुसतं बघू तरी म्हणून, तिनं डबी पहिल्यांदा आपल्याच फोनजवळ उघडली होती. छान जोडलं गेलं. नंतर आत्याचा फोनही जोडला. पहिला काढायचा राहून गेला. यंत्रं काही विसरत नाहीत. दोन्ही फोन लक्षात ठेवून ती बसली होती, आणि ज्याच्यावर बोलणं चालू असेल त्याला कान द्यायचा हा नियम तर तिनं स्वतः लिहिला होता.

ती जुनी चित्रणं काढून बघत बसली. माणसांना बोलावून त्यांच्या हातात डबी द्यायची आणि ती काय करतात त्याचं चित्रण करायचं, असं त्यांचं काम चाले. एक म्हातारे गृहस्थ होते, नीट भांग पाडलेले. त्यांनी डबी उघडली, यंत्रं जोडली गेली, काम झालं होतं. पण त्यांना ते कळलंच नव्हतं. ते डबीकडे बघत राहिले होते, मग फोनकडे, मग कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून वाट बघत होते. या थांबण्याला त्यांच्या तक्त्यात 'विलंब' म्हणत, आणि विलंबाला लाल रंग असे. तिनं तो भाग परत लावला. ते गृहस्थ ओठ किंचित उघडून थांबले होते. उत्तर तयार ठेवल्यासारखे.

"सर," ती कात्रींना म्हणाली, "एक पायरी परत घालायची."

"ताप आलाय का?"

"यंत्र कानात गेलं की त्यानं विचारायचं, अमक्याचा फोन आहे, जोडू का? यंत्रावर बोटानं एकदा टकटक केलं तर जोडायचं. नाहीतर नाही. आणि चालू कॉल तर न विचारता उचलायचाच नाही."

"माणसं प्रश्न ऐकत नाहीत गं. डोळे मिटून हो म्हणतात. मग विचारायचं तरी कशाला?"

"हो म्हणतात तेही त्यांचं असतं ना, सर. नाहीतर ते आपलंच असतं."

कात्रींनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या घरी म्हणे त्यांचा कॉल एकदा बायकोच्या कानात गेला होता. "आम्ही आठवडाभर हसलो त्यावर," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून त्यांनी चष्मा घातला. "तुमच्याकडे हसण्यासारखं नव्हतं वाटतं."

"अजून कळलं नाही, सर."

"मग आधी घरी जा आणि कळवून घे. पायरीचं नंतर बघू." ती दारापाशी गेली तेव्हा ते मागून म्हणाले, "आणि तुझ्या त्या बदलीचं उत्तर लागणार आहे मला. तिकडची माणसं रोज डोकं खातात."

आत्या संध्याकाळी तलावावर असायची. ती घरी न जाता तिकडे गेली. किती वर्षांनी! दारातून आत पाय टाकला आणि तो दमट, औषधी वास नाकात घुसला, चष्म्यावर वाफ धरली. कडेच्या बाकावर आत्याची पिशवी होती. पिशवीत वरच डबी होती. ती बाकावर बसली आणि डबी हातात घेतली. आत्या पाण्यात होती. आत्याचं पोहणं अजून तसंच, घाई नाही, दर खेपेला डोकं सारखंच बाहेर येणारं. पाण्याखाली डोकं जाई तेव्हा ती खरोखरच कुणाच्याही आवाक्यात नसे. ना लहरींच्या, ना हाकेच्या. तिच्या मनात आलं की असं बघत बसायला बरं आहे. आत्या पाण्यात आहे तोवर विचारता येत नाही आणि म्हणून विचारायची गरजही नाही. काल आत्यानं तिच्या वतीनं दिलेलं उत्तर चूक होतं असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना, आणि हेच रात्रीपासून सलत होतं. दादा 'ऐक' म्हणाल्यावर ते सगळं तिच्याच कानात आलं असतं, तर ती काय म्हणाली असती? कदाचित हसली असती. कदाचित 'हं'. आत्यानं तिचा आवाज चोरला नव्हता. ओळखला होता.

आणि मग, आत्याला तरी कुणी विचारलं होतं? आईबाबा गेले तेव्हा आत्या पंधरा दिवसांसाठी आली होती. एक बॅग, एक शिट्टी. पंधरा दिवस अजून संपलेले नव्हते. मोठ्या माणसांनी काय बोलणी केली तिला ठाऊक नव्हतं, तिच्या आठवणीत बोलणी नव्हतीच. आत्या नुसती जवळची होती म्हणून तिच्याशी ती दोघं भावंडं जोडली गेली. जवळ होती, दार उघडलं, म्हणजे हो.

"अगं बया! बेडकी!" आत्या कडेला आली होती आणि तिचा आवाज छपराला जाऊन आपटला. पोरं वळून बघायला लागली. "तू इकडे कशी? घरी चोर आले का?"

बोलली असती तर ओरडावं लागलं असतं, आणि सगळ्या तलावानं ऐकलं असतं. तिनं नुसती डबी वर धरली. आत्यानं डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश घरी निघाल्यासारखं झालं. ती शिडीवरून वर आली. येऊन बाकावर शेजारी बसली, टॉवेल अंगाभोवती घेतला, डोकं एका बाजूला कलवून कानातलं पाणी काढलं, मग दुसऱ्या बाजूला. टॉवेलाचं टोक पिळून कानाची एकेक घडी पुसली. ती डबी मिटलेली धरून बसून होती. उघडून द्यायचा मोह होत होता. तिनं उघडली नाही. तळहातावर ठेवून पुढे केली. आत्यानं वेळ घेतला. मग आपल्या सुरकुतलेल्या बोटांनी झाकण उघडलं आणि भुंगे कानांत बसवले.

"बोल."

"काल तू दादाशी बोललीस."

"मी कुठे बोलले? तोच बोलत होता. मी आपलं हं म्हटलं."

"का म्हटलंस?"

"मग काय करू? केस पुसत उभी आहे आणि कानात माणूस बोलायला लागला. आधी वाटलं, झालं, आता आपल्याला आवाज ऐकू यायला लागले. मग कळलं हा आपला दादा. आणि मग कळलं तो तुझ्याशी बोलतोय." आत्यानं टॉवेल गळ्यापाशी ओढून घेतला. "त्या वेळी मी म्हटलं असतं, अरे मी आहे, तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. त्याला तुझं उत्तर हवं होतं. तू जे म्हटलं असतंस ते मी म्हटलं."

"मी नसते म्हणाले हं."

"तलावावर खोटं बोलणाऱ्याला मी काय करायचे?"

"बाहेर काढायचीस."

"मग?"

समोर एक बाई एका मुलीला पाण्यात धरून उभी होती. मुलगी पाय झाडत होती, सगळ्या बाजूंना पाणी उडवत. ती तिकडे बघत म्हणाली, "म्हणाले असते कदाचित. माहीत नाही. पण तुला न विचारता म्हणाले असते ते चूक झालं असतं, आत्या. मला जायचंय. मला खूप जायचंय. आणि तुला सांगायला मी इतके दिवस लावले, कारण सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाली असतीस जा. तुझं ते जा मला नको होतं."

"मग तुला काय हवंय?"

"तुला काय हवंय ते."

आत्यानं बोटांच्या सुरकुत्या टॉवेलाला पुसल्या. "मला दादाकडे नाही जायचं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात एक नवंच, पोरांसारखं हट्टी काहीतरी होतं. "त्याच्याकडे सगळे कुजबुजल्यासारखं बोलतात. भुंगे लावूनसुद्धा काही कळत नाही. आणि तलाव कुठाय तिकडे? मी इथेच राहणार, माझ्या घरात. शनिवारी ही कार्टी आहेत शिकवायला. तू जा, दोन वर्षांनी ये, नाहीतर येऊ नकोस, तुझं तू बघ. पण मला कुठल्या भिंतीला लावायचं ते तुम्ही दोघांनी फोनवर नाही ठरवायचं."

"नाही ठरवणार. आणि तुझं हं ऐकून दादाला वाटलं मला सर्दी झालीय. त्याला मी सांगते, काल सर्दी कुणाला झाली होती ते."

"सांग. पण हसत सांग. रडेल तो."

ती हसली, आणि हसता हसता तिला चष्मा काढावा लागला. वाफच धरली होती. पुसता पुसता, आत्याकडे न बघता, तिनं ते विचारलं. "तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का गं? आमच्याकडे राहशील का म्हणून?"

"मोठ्यांपैकी कुणी नाही. मोठ्यांना घाई होती." आत्यानं टॉवेलाचं टोक पुन्हा पिळलं. "तू विचारलंस की. रोज रात्री विचारायचीस. दिवा घालवला की अंधारात आवाज यायचा, आत्या, उद्या आहेस ना? दोन वर्षं विचारत होतीस. आठवत नाही?"

तिला आठवत नव्हतं. सगळं आठवत होतं, बोटं, वास, शिट्टी. हे तेवढं नव्हतं.

"मग तू काय म्हणायचीस?"

"मी काय म्हणणार? हं म्हणायचे."

समोरच्या मुलीनं मान हलवली असावी, कारण त्या बाईनं हात काढून घेतला आणि मुलगी दोन हात अंतर गेली आणि तिनं धडपडून कड धरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्यानं मात्र मान डोलावली.

"आता तो दादा माझ्या कानात परत नको यायला. काढ तुझा फोन माझ्यातून. दाखव कसा काढतात ते."

तिनं फोन काढला. यादीत आत्याची यंत्रं होती, त्यांच्या पुढे एक बटण होतं, आणि बटणावर लिहिलं होतं, 'विसरा'. हजार वेळा दाबलेलं बटण. ती अंगठा धरून बसली. अंगठा खाली जाईना. आत्यानं डोळे बारीक करून ती अक्षरं वाचली. मग आपला गार, ओला हात तिनं फोनच्या खाली, तिच्या हाताच्या खाली आडवा धरला. बोटं एकेक वेगवेगळी जाणवली.

"सोडू?" आत्या म्हणाली.

ती पाण्याकडे बघत राहिली. आत्या थांबली होती. कसलीही घाई नव्हती, सगळा तास पडला होता. मग तिनं मान हलवली. हात निघाला आणि अंगठा टेकला.

"वाजलं काहीतरी," आत्या म्हणाली. "पायऱ्या उतरल्यासारखं. ला, ला, लाऽ." आत्यानं ते बेसूर आणि मोठ्यानं म्हणून दाखवलं, आणि पोरं पुन्हा वळून बघायला लागली. ते तीन स्वर तिनंच निवडले होते, त्या पत्र्याच्या खोलीत, खोट्या डोक्याच्या रबरी कानात ऐकून. खऱ्या माणसाला ते कसे लागतात हे तिला आज कळत होतं.

"झालं. सुटलं," ती म्हणाली.

"हं. आता परत जोड."

"अगं आत्ताच तर..."

"आत्ता विचारून जोड. तेव्हा विचारलं नव्हतंस."

"पण तिकडे गेल्यावर काय उपयोग? दहा मीटरच्या पुढे चालतच नाही हे."

"तू काय उद्या चाललीस? तोवर तर इथेच आहेस ना, दहा मीटरच्या आत?"

तिनं डबी मिटलेलीच दोघींच्या मधे, बाकावर ठेवली. फोन जवळ नेला. झाकणावर बोट ठेवून ती थांबली. हे थांबणं कुठल्याच तक्त्यात लाल नव्हतं. तिनं आत्याकडे तोंड केलं, आणि साध्या आवाजात, न ओरडता, विचारलं.

"आत्या, जोडू?"

आत्या किंचित थांबली. मग नाकातून, शेवटी थोडं वर नेऊन, म्हणाली,

"हं."